आठ महिने, साडेतीन हजार छर्रे आणि सैल होणारे चार स्क्रू

मागच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. दहा मीटरवर एका बोटाखाली झाकले जातील असे बसणारे पाच छर्रे अचानक तळहाताएवढे पसरले. या वेळी मी घाबरलो नाही. रायफल आडवी धरली, दस्त्याच्या पुढच्या बाजूचा स्क्रू नखाने फिरवून पाहिला. फिरला.

०.१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटर छऱ्याची, नळी मोडून (खाली दुमडून) ताणायची साधी स्प्रिंगवाली एअर रायफल. तिची वैशिष्ट्यं तुम्हाला माहीत असतील, ती पुन्हा सांगत नाही. मला सांगायचं आहे ते दस्ता जोडणाऱ्या या चार स्क्रूंबद्दल, कारण त्यांनी माझे तीन महिने आणि छऱ्यांचे दोन डबे खाल्ले. एका डब्यात पाचशे. मी मोजून वापरणारा माणूस आहे, त्यामुळे ते वाया गेलेले हजार छर्रे अजून टोचतात.

दुसऱ्या महिन्यात मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हिची नळीच खराब आहे. ते मागे घेतो. नळी उत्तम आहे. तेव्हा मात्र मी रायफल दोनदा सेवा केंद्रात पाठवली आणि दोन्ही वेळा ‘तपासली, दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून ती परत आली. दुसऱ्यांदा पाठवताना प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती. परत आली तेव्हा दोन रेघा तुटलेल्या होत्या, म्हणजे प्रवासात किंवा चाचणीत स्क्रू सरकले होते आणि कुणी ते पाहिलेही नव्हते. फोनवर मला सांगितलं, तुमची पकड चुकते. याचा मला फार राग आला.

राग ओसरल्यावर मान्य करावं लागलं की पकडही चुकत होती. चाप ओढल्यावर स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. मग पिस्टन समोर दाबलेल्या हवेवर अडतो आणि तीच रायफल पुढे झटका खाते. छर्रा नळीतून पुरता बाहेर पडण्याआधीच हा खेळ सुरू झालेला असतो. मी पुढचा दस्ता मुठीत आवळून धरत होतो, त्यामुळे प्रत्येक वेळी ती वेगळी उडायची. आता डाव्या तळव्यावर नुसती टेकवतो आणि हवी तशी हलू देतो. एवढ्यानेच पसारा निम्मा झाला. उरलेला निम्मा स्क्रू घट्ट झाल्यावर गेला.

उपाय स्वस्त आहे: स्क्रू काढून आटे तेलमुक्त करायचे, दातेरी वॉशर घालायचे आणि आट्यांना धरून ठेवणारा मध्यम ताकदीचा द्रव एकेक थेंब लावायचा. पक्का, न सुटणारा द्रव लावू नका, पुढे स्प्रिंग बदलताना रडाल. मागच्या आठवड्यात फिरला तो स्क्रू नेमका मी थेंब न लावता सोडलेला होता.

दुर्बिणीचं दुखणंही याच झटक्यातून आलं. सोबत मिळालेली दुर्बीण तिसऱ्या महिन्यात गेली, आतली फुली टिचकी मारली की हलायची. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्याच्या हिशेबाने बनवतात, हा पुढचा झटका त्यांना सोसत नाही. स्प्रिंगच्या रायफलसाठी म्हणून बनवलेलीच घ्या, नाहीतर घेऊच नका. दहा मीटरला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक उंचवटा, आणि मागचा खाचा पुरतो. मी तीन महिने त्यावरच आहे आणि नेम सुधारला आहे.

वेगाच्या आकड्याला भुलू नका. रायफलच्या खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेकदा अतिहलक्या छऱ्यावर काढलेला असतो. माझ्या नळीला ०.५४ ग्रॅमचा गोल डोक्याचा छर्रा मानवला, हलके वाटेल तिकडे गेले. कागदी निशाण्यासाठी सपाट डोक्याचा घ्या, भोक स्वच्छ पडतं आणि गुण वाचता येतात.

रायफल घेताना गोदामातले उंदीर हेही एक कारण होतं. ते काम अजून सुरू केलेलं नाही. ज्या अंतरावरून मारायचं त्या अंतरावर, बसून नव्हे तर उभ्याने, पाचही छर्रे दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात बसेपर्यंत मी जनावरावर चाप ओढणार नाही. अर्धवट जखमी उंदीर भिंतीत जाऊन मरतो, आणि ते हालही मला बघवत नाहीत. तुमच्या भागात कायदा काय म्हणतो तेही आधी पाहून घ्या.

एक गोष्ट मात्र कुणीही सोडू नका. छर्रा घालताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. ताणलेली स्प्रिंग अडवणारी चापाची आतली पकड सुटली तर नळी वर येते आणि बोटं मध्ये असतात.

आता पिशवीत एक पेचकस कायम असतो. दर पन्नास छऱ्यांनंतर चारही रेघा पाहतो. काल दोनशे झाले, एकही तुटलेली नव्हती.