राजकीय घोषणा: स्वतंत्र लेख की मूळ लेखातला विभाग?

घोषणा गाजली म्हणून विकिपीडियावर तिचा वेगळा लेख करावा की नेत्याच्या वा निवडणुकीच्या लेखातच तिला जागा द्यावी?

आधी स्रोत पाहा. स्वतंत्र लेखाला घोषणेविषयीच सविस्तर लिहिलेले, पक्षाशी संबंध नसलेले स्रोत लागतात. सभेच्या बातमीत ती नुसती उद्धृत झाली असेल तर उपयोग नाही. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पन्नास दैनिकांनी छापली तरी स्रोत एकच. इथेच बहुतेकांची गणती चुकते. विभागाला मात्र एकदोन भक्कम संदर्भ पुरतात.

मग मजकूर. १९७१ची ‘गरिबी हटाओ’ घ्या: ‘इंदिरा हटाओ’ला दिलेले उत्तर, निवडणुकीतला विजय, पुढची धोरणे, त्यांवरची टीका. एवढे सगळे नेत्याच्या लेखात कोंबले तर तोच लेख लंगडा होतो. उलट, उगम आणि अर्थ सांगून चार ओळींत संपणारी घोषणा वेगळी काढली की रिकामी जागा समर्थक प्रचाराने भरतात, विरोधक विडंबनाने. राखणीचे काम वाढते ते वेगळेच.

विभाग केल्यास घोषणेच्या नावाचे पान उघडून #पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप दुसऱ्या पानावर नेणारी आज्ञा) लिहून विभागाचा दुवा द्या. विभागाचे शीर्षक नंतर कोणी बदलले तर वाचक लेखाच्या माथ्यावर जाऊन पडतो, तेव्हा विभागापाशी कायमची खूण (अँकर) ठेवून दुवा तिलाच द्या. याच पानाचा पुढे लेख करता येतो.

चालू प्रचारातल्या घोषणेला विभागच बरा. निवडणूक उलटून गेल्यावरही अभ्यासक जिच्यावर लिहीत राहतात, तिला स्वतंत्र लेख द्यावा.