पावलं सुजलेलं कुपोषित मूल: प्लाझ्माची पिशवी की दोन-दोन तासांनी वाटी?

दोन्ही पावलांवर अंगठा दाबला की खळगा पडतो, तोंड सुजलेलं, मूल किरकिरं, आणि रिपोर्टात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, अवघं १.६. अशा मुलाला प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) चढवावा की दर दोन तासांनी वाटीतून द्यायच्या आहारावरच भिस्त ठेवावी, हा प्रश्न तालुक्याच्या वॉर्डात काम करणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. मेळघाटात असताना मी दोन्ही करून पाहिलंय.

प्लाझ्माची ओढ मला समजते. प्रथिनं कमी आहेत ना, मग सरळ शिरेतून द्या. 'बाटली लागली' की आईबापांच्याही जीवात जीव येतो. पण हिशेब मांडून बघा. सहा किलोच्या मुलाला किलोमागे १० मिली धरले, तर ६० मिली प्लाझ्मा जातो. त्यात सगळी मिळून प्रथिनं चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका अंड्यात असतात त्याहून कमी. तेवढ्यासाठी गोठवलेली पिशवी घाटातून आणायची, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायची, आणि एकदा वितळली की ती परत गोठवता येत नाही. वर प्लाझ्माबरोबर सोडियमही येतं. या मुलांच्या अंगात ते आधीच साठलेलं असतं आणि हृदय दुबळं असतं, त्यामुळे धाप लागायला वेळ लागत नाही.

एवढं सगळं मी एक वेळ सोसलं असतं. मला खटकलं ते वेगळंच.

तीन वर्षांची एक मुलगी होती. संध्याकाळी प्लाझ्मा दिला, दुसऱ्या दिवशी अल्ब्युमिन २.१ आलं आणि आम्ही सगळेच निर्धास्त झालो. त्या संध्याकाळी दुसरी पिशवी लावली. रात्री दोनची वाटी चुकली, चारचीही चुकली. सिस्टरांना वाटलं, पिशवी चालू आहे. आईला वाटलं, आता पोटातून काही नको. पहाटे मुलीचं अंग गार पडलं होतं, रक्तातली साखर ४८. नळीतून साखरपाणी देऊन, आईच्या उराशी धरून ती सावरली. पुढे तीन दिवसांनी अल्ब्युमिन पुन्हा १.७. पिशवी लागली की वाटी विसरली जाते, हे मी नंतरही दोनदा पाहिलं. माझा कौल तिथंच ठरला.

वाटीत असतं ते एफ-७५, म्हणजे अशा मुलांना सुरुवातीला द्यायचं खास दूध. त्यात १०० मिलीला प्रथिनं फक्त ०.९ ग्रॅम असतात, म्हणून नव्या डॉक्टरांना ते पाणचट वाटतं. पण सुरुवातीला या मुलांच्या यकृताला त्याहून जास्त झेपत नाही. सूज फार असेल तर दिवसाला किलोमागे १०० मिली; म्हणजे आपल्या सहा किलोच्या मुलाला दर दोन तासांनी ५० मिली. तयार पाकीट नसेल तर दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्यांची पूड यांवरही भागतं, फक्त पोटॅशियम-मॅग्नेशियम वेगळं द्यायला विसरू नका. सोबत अँटिबायोटिक आणि ऊब. सूज उतरवायला लघवीचं औषध मात्र अजिबात नको. भूक परतली की हळूहळू एफ-१०० हे जास्त ताकदीचं दूध.

आकड्याकडे डोळे लावून बसणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. अल्ब्युमिन वर यायच्या आधीच सूज उतरायला लागते. जमैकात काम करणाऱ्या मायकेल गोल्डन यांनी हे १९८० सालीच दाखवून दिलं होतं. माझ्या वॉर्डातल्या एका मुलाची पावलं नवव्या दिवशी मोकळी झाली, तो वाटीसाठी हात पुढे करू लागला, तेव्हाही त्याचं अल्ब्युमिन दोनच्या खालीच होतं.

माझी मुलं मोजकी, वॉर्ड लहान. अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्यांचा अनुभव वेगळा असू शकेल. रक्त गोठत नसेल आणि कुठून रक्तस्राव होत असेल, तर प्लाझ्माला पर्याय नाही. हिमोग्लोबिन चारच्या खाली गेलं तर रक्तही द्यावंच लागतं, तेही जपून, तीन तासांत. पण नुसत्या कमी प्रथिनांसाठी मी आता रक्तपेढीला फोन करत नाही. असं मूल आलं की आधी रात्रपाळीला कोण आहे ते विचारतो, आणि दोनची आणि चारची वाटी कोण देणार ते नावानिशी कागदावर लिहून घेतो.