टेली-मानस १४४१६ : कामाचा धसका बसलेल्या नोकरदाराचा अनुभव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या हेल्पलाइनचं पोस्टर दिसलं की माणूस एकच अर्थ काढतो. हे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी आहे, जिवाचं बरंवाईट करायला निघालेल्यासाठी आहे. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो, घरी दोन वेळचं नीट आहे, पण कामाच्या नुसत्या विचारानं ज्याच्या पोटात गोळा येतो, त्यानंही तो नंबर लावायचा असतो हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. मी ग्रामसेवक आहे. आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच. दोन ग्रामपंचायती माझ्याकडे आहेत. १४४१६ हा नंबर मी फक्त कामाच्या भीतीपायी लावला, आणि माझ्यासारख्यानं तो लावावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मला काय होत होतं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचं तुम्हाला ओळखू येईल. लेखापरीक्षणाचे शक, म्हणजे हिशेबावरचे लेखी आक्षेप, आले होते. ऑडिट होऊन गेल्यावर काही महिन्यांनी जाड लिफाफा येतो. अमुक खर्चाचं प्रमाणक (व्हाउचर) नाही, तमुक देयकातून एक टक्का कामगार उपकर कापला नाही, मोजमाप पुस्तिका दाखवली नाही. नोकरीत मुरलेल्या ग्रामसेवकालाही असे शक येतात, त्यात नवल काही नाही. पण त्या वर्षी वसुलीचा तगादा, घरकुलाच्या याद्या, दुसऱ्या गावचा अतिरिक्त कार्यभार, सगळं एकदम आलं होतं. लिफाफा टेबलावर आला आणि मी तो कपाटात, नमुना ९ च्या म्हणजे कर मागणीच्या रजिस्टरखाली सरकवला. सरकवल्याबरोबर छाती हलकी झाली. दिवसभरात बरं वाटलं ते तेवढंच.

मग त्या कपाटाची भीती बसली. कपाटाची बसली म्हणून कार्यालयाची बसली. या गावात सांगायचं त्या गावात मीटिंग आहे, त्या गावात सांगायचं पंचायत समितीत बोलावलं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘तात्काळ’, ‘आज पाचपर्यंत’ असे निरोप येऊन पडायचे, तो ग्रुप म्यूट केला. पंचायत समितीतल्या आमच्या वरिष्ठांचा, विस्तार अधिकाऱ्यांचा फोन आला की स्क्रीनकडे नुसतं बघत राहायचं, वाजून बंद झाला की श्वास सुटायचा. शिपाई एक दिवस म्हणाला, “भाऊ, लोकं दाखल्यासाठी येऊन वापस चालले जाऊन राहिले. काय सांगू त्याईले?” मला उत्तर देता आलं नाही. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत तोच लिफाफा डोळ्यासमोर.

गावात अशा माणसाला आळशी म्हणतात, फुकटचा पगार खातो म्हणतात. काम टाळून मजेत राहणाऱ्याला रात्री झोप लागते, मला लागत नव्हती. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी बीपी पाहून झोपेची गोळी लिहून दिली. झोप आली, पण सकाळी लिफाफा होता तिथंच होता.

नंबर बायकोनं दिला. ती अंगणवाडी सेविका आहे, तिच्या बैठकीत कधीतरी सांगितला होता. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था तिच्या मध्यभागी आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६ असा आहे. गावात रेंज धड नसते आणि घरात सगळ्यांच्या कानावर जातं, म्हणून मी फाट्यावर गाडी उभी करून फोन लावला.

पलीकडच्या मॅडमची मराठी पुण्याकडची वाटली. माझी मात्र बोलता बोलता पार गावची झाली, “मॅडम, मी कामच करून नाही राहिलो” अशी. त्यांनी एकदाही मध्ये अडवलं नाही. जिल्हा विचारला, झोप विचारली, दारू विचारली, घरी कोणाला माहीत आहे का विचारलं. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. त्याचा राग मानू नका. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला सांगायला वाट मिळते.

मला वाटलं होतं आता धीर देतील, सगळं ठीक होईल म्हणतील. तसं झालं नाही, आणि या सेवेची किंमत मला तिथंच कळली. त्यांनी विचारलं, “दादा, त्या लिफाफ्यात काय असेल असं वाटतं तुम्हाला?” मी म्हटलं, निलंबन. “याआधी असे लिफाफे आले तेव्हा आत काय निघालं होतं?” शक निघाले होते, मी त्यांचं अनुपालन, म्हणजे लेखी उत्तर, दिलं होतं, ते वगळलेही गेले होते. हे मला पूर्ण माहीत होतं, तरी कित्येक दिवस आठवलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं की काम टाळलं की त्या वेळेपुरती सुटका होते, म्हणून मन पुन्हा टाळायलाच सांगतं, आणि तिकडे भीती सावकारी व्याजासारखी चढत जाते. व्याजाचा दाखला माझा आहे, समजावणं त्यांचं. ते काम करायची ताकद येईल मग करू, असं म्हणत बसलो तर ती येत नाही. आधी थोडं करावं लागतं, मग भीती उतरते.

“उद्या तो लिफाफा फक्त फोडायचा,” त्या म्हणाल्या. “वाचायचा नाही. फोडून दहा मिनिटं तिथंच बसायचं. भीती चढेल, चढू द्या. उठून जाऊ नका.”

दुसऱ्या दिवशी कात्री शिपायाच्या टेबलावरून आणली. लिफाफ्याचं तोंड डिंकानं चिकटवून वर पिना मारलेल्या होत्या, त्या नखानं उचकटल्या. कागद बाहेर काढून पालथे ठेवले आणि मोबाइलवर दहा मिनिटं लावली. पहिल्या दोन-तीन मिनिटांत तळहात इतके ओले झाले की पॅन्टला पुसावे लागले, कानात धडधड ऐकू येत होती, पाय दाराकडे वळत होते. मग, मी काही न करता, ते हळूहळू ओसरायला लागलं. टायमर वाजला तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाण्याच्या टाकीवर बसलेले बगळे बघत होतो. एवढंच काम होतं त्या दिवशीचं.

त्यानंतर पुन्हा फोन केला आणि पुढची पायरी ठरवली. वाचायचं, पण पेन्सिल हातात घेऊन, आणि प्रत्येक शकापुढे तीनपैकी एक खूण करायची : कागद आहे, कागद शोधायचा, विचारावं लागेल. बहुतेकांपुढे पहिलीच खूण आली. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांत प्रमाणकं होती, फक्त ऑडिटच्या दिवशी समोर ठेवली गेली नव्हती. मग विस्तार अधिकाऱ्यांना फोन. त्यासाठी एक वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं : “सर, शकांचं अनुपालन सुरू केलं आहे, सादर करायला मला तारीख द्या.” बघून वाचलं. त्यांनी तारीख दिली आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. हे वाक्य लिहून घ्यायचं तेवढं नक्की करून बघा. फोन उचलायची भीती ज्याला आहे, त्याला काय बोलू हीच खरी अडचण असते.

या फोननं काय होत नाही तेही सांगतो. कामाचा बोजा कमी होत नाही. दोन गावांची दोनच राहतात, ग्रुपवर ‘तात्काळ’ येतच राहतं. शकाचं उत्तर कसं लिहायचं हे समुपदेशक सांगणार नाही, ते तुम्हाला जुन्या जाणत्या ग्रामसेवकालाच विचारावं लागेल. मी आमच्या तालुक्यातल्या एका वरिष्ठ भाऊंना विचारलं. त्यांनी कपाळाला आठी न घालता अर्धा दिवस माझ्याजवळ बसून नमुना दाखवला. आणि ज्याची भीती शरीरात मुरली आहे, त्याला नुसतं बोलणं पुरत नाही. मला पुढं डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ बसतात, तिथं गेलो. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना थेट नागपूरचं मेंटल हॉस्पिटल दिसतं. तसं काही नाही. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, बाकी ओपीडीसारखीच ओपीडी.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण त्यातल्या बिघाडानंही धडधड आणि थकवा येतो. मग रोजची एक गोळी सुरू केली आणि बजावलं की हिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ झाली तर घाबरून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. तालुक्याहून आणलेली झोपेची पट्टी दाखवली, तर या गोळ्यांची सवय लागते म्हणून ती हळूहळू कमी करत थांबवली. माझ्यापुरतं सांगायचं तर गोळीनं पहाटेची जाग गेली आणि पायऱ्यांनी काम हलवलं. दोन्हींपैकी एकच असतं तर मी आज वेळेवर कार्यालय उघडत नसतो.

कोणाला कळेल ही भीती माझीही होती. ओपीडीत माझ्याच एका गावचे काका भेटले. आम्ही कापसाच्या भावावर बोललो, दोघांनीही दवाखान्याचा विषय काढला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण घरात एका तरी माणसाला माहीत असावं. माझ्या बायकोला माहीत होतं म्हणून सकाळी ती विचारायची, “आज कोणती पायरी हाये?” आणि त्यापलीकडे काही विचारायची नाही. त्याची मला फार मदत झाली.

तारे द्यायचे तर पाचपैकी पाच देतो. शिक्षक, तलाठी, कृषी सहायक, बँकेत वसुलीचं काम करणारी पोरं, आशाताई, ज्यांच्या नोकरीत रोज कोणीतरी उत्तर मागतं, त्यांनी हा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवावा. ज्याच्या मनात मरणाचे विचार येत आहेत, त्यानं तर पायऱ्याबियऱ्यांच्या नादी न लागता आत्ताच फोन लावावा, जवळच्या माणसाला सोबत बसवावं आणि गरज पडली तर १०८ ला बोलावून सरळ दवाखाना गाठावा.

फोन लावल्यावर आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो, भाषा विचारतो. तिथं घाईनं कापू नका, मराठी निवडा आणि थांबा. वही-पेन जवळ ठेवा, पायरी लिहून घ्यायला लागते. आणि सुरुवात लहानपणापासून करायची गरज नाही. मला अमुक एक काम करता येऊन नाही राहिलं, इथूनच बोलायला लागा.