माँटेसरी साधनांचा पूर्ण संच: काही महिने रोज वापरल्यानंतर

नवा संच खोक्यातून निघतो तेव्हा सगळाच देखणा दिसतो. कोणतं साधन मुलं आपणहून उचलतात आणि कोणतं कपाटाची शोभा होऊन बसतं, हे कळायला तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा मिश्र वर्ग काही महिने चालावा लागतो.

'माँटेसरी' हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे खोक्यावर ते छापलं असलं तरी त्यावर विसंबू नका. मापं घ्या. गुलाबी मनोऱ्याचे एकावर एक रचायचे दहा घनाकृती ठोकळे १ ते १० सेंमी असे नेमके एकेक सेंटिमीटरने वाढायला हवेत. तपासायची सोपी रीत म्हणजे सगळे ठोकळे एका कोपऱ्याशी जुळवून रचायचे. समोरच्या दोन बाजूंना १ सेंमी रुंदीच्या पायऱ्या तयार होतात आणि सर्वांत लहान ठोकळा प्रत्येक पायरीवर चपखल बसतो. बसत नसेल तर संच परत करा, कारण पुढे हाच शोध मुलं स्वतः लावतात. हा लहान ठोकळा सर्वांत आधी हरवतो, आणि तीन वर्षांखालचं भावंड आसपास असेल तर तो तोंडात जाण्याचा धोकाही असतो.

सिलिंडरच्या, म्हणजे भोकांत बसवायच्या लाकडी गोल ठोकळ्यांच्या, चार पेट्या या संचातलं सर्वांत पैसे वसूल साधन. एकीत फक्त जाडी बदलते, एकीत फक्त उंची. तिसरीत दोन्ही एकत्र कमी होतात, तर चौथीत जाडी कमी होताना उंची वाढते. चूक झाली की शेवटी एक सिलिंडर आणि न जुळणारं एक भोक उरतं; फक्त उंचीच्या पेटीत सिलिंडर वर आलेला किंवा आत बुडालेला दिसतो. ताईंनी काही सांगावं लागत नाही. मात्र दमट हवेत लाकूड फुगतं, सिलिंडर अडकतात आणि मूल ठोकून बसवायला लागतं. भोकाच्या कडा आतून हलक्या हाताने घासा, पण जास्त नको. ढिलं झालं की शेजारच्या मापाचा सिलिंडरही तिथे बसतो आणि पेटीचा उपयोगच संपतो.

खणावरच्या अंकाइतक्या लाकडी काड्या मोजून टाकायच्या पेटीचंही तसंच. ० ते ९ खणांसाठी मोजून ४५ काड्या लागतात. एक हरवली की नऊच्या खणात आठच पडतात. मूल सगळ्या काड्या काढून पुन्हा मोजतं, पुन्हा आठच, आणि मग त्याला वाटतं आपल्यालाच मोजता येत नाही. म्हणून वर्ग सुटल्यावर रोज काड्या मोजाव्यात. मिनिटाचं काम आहे.

बोट फिरवून अक्षर शिकायच्या, पॉलिश पेपर चिकटवलेल्या खरखरीत अक्षरांच्या तयार पाट्यांबद्दल मत संमिश्र. पॉलिश पेपर फार भरड असेल तर मूल दोनदा बोट फिरवून सोडून देतं. १२० ते १५० नंबरचा कागद ठीक वाटला. अ, झ, क्ष अशा अक्षरांवर बोट कुठून निघून कुठे जाणार आणि शिरोरेघ शेवटी ओढायची, हे वर्गातल्या सगळ्या मोठ्यांनी आधी ठरवून घ्यावं, नाहीतर एकच अक्षर मूल दोन प्रकारे शिकतं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने देऊ नयेत. ग, म, न, र, स पासून सुरुवात बरी. घ-ध, ब-व आणि प-ष या जोड्या एकाच आठवड्यात नकोत. एका वेळी दोन-तीन अक्षरं पुरे. आधी "हा ग", मग "ग कुठला, दाखव", शेवटी "हे काय?" तिसऱ्या टप्प्यावर चुकलं तर दुरुस्त न करता पाट्या उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करायचं.

सुटी अक्षरं आणि काना-वेलांट्या जुळवून शब्द लावायच्या पेटीत मात्र खरी गोची होते. मूल कानाने शब्द जुळवतं. 'किती' लावताना आधी क ठेवतं, मग ऐकू आलेली इ म्हणून उजवीकडे पहिली वेलांटी ठेवतं, पुढे त. झालं 'कति'. कान बरोबर आहे, लिपीची रीत वेगळी आहे. म्हणून घर, बस, कमळ नंतर काका, मामा, नदी, काठी असे काना आणि दुसऱ्या वेलांटीचे शब्द बरेच दिवस चालू द्यावेत. उकारासाठी ओळींमध्ये रिकामी जागा सोडावी. पहिली वेलांटी त्यानंतर, रफार आणि जोडाक्षरं सर्वांत शेवटी.

साधनं कितीही चांगली असली तरी सलग वेळ नसेल तर सगळं फुकट. अडीच ते तीन तास मध्ये घंटा, गोष्ट, सामूहिक गाणं काहीही नको. साधारण तासाभराने वर्गात चुळबुळ वाढते, आवाज चढतो. 'मुलं कंटाळली' म्हणत मोठी माणसं इथेच सगळ्यांना गोलात बसवतात. थोडा दम धरला तर त्यानंतरच सर्वांत लांब, एकाग्र काम सुरू होतं.

मुलाच्या कलाने म्हणजे काहीही चालतं असं नाही. मनोऱ्याची बंदूक झाली तर ठोकळे शांतपणे कपाटात परत. दिवसेंदिवस फक्त पाणी ओतत बसणाऱ्या मुलाला अडवू नका, काम अवघड करा. एका सुरईतून तीन पेल्यांत खुणेपर्यंत समान ओतायला द्या, शेजारी स्पंज हवाच. नुसतं भटकणाऱ्या मुलाला "काय करतोस?" न विचारता दोनच पर्याय द्यावेत.

प्रत्येक साधन एकच घ्या. दुसरं आणलं की वाट पाहणं संपतं आणि भांडणं मात्र कमी होत नाहीत. गाठी-बटणं लावायचा सराव देणाऱ्या कापडी चौकटी सगळ्या लागत नाहीत. मोठी बटणं आणि चेन आधी पुरतात, फितीची गाठ बहुतेकांना पाचव्या वर्षापर्यंत जमत नाही. साधनं मांडायला संचासोबत येणाऱ्या चटया आखूड असतात. लांबी शिकवणाऱ्या दांड्यांतली सर्वांत लांब दांडी १ मीटरची, त्यामुळे निदान दोन चटया १२० सेंमी लांबीच्या वेगळ्या शिवून घ्याव्या लागतील.