अभ्यासिकेतील जिप्सम बोर्डची भिंत: वर्षभराच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर आमची अभ्यासिका आहे. एका बाजूला स्पर्धा परीक्षांचे तास चालतात, दुसऱ्या बाजूला मुले वाचत बसतात. या दोहोंमध्ये भिंत घालायची ठरली तेव्हा विटांचा विचार पहिल्याच बैठकीत मागे पडला, कारण गिलाव्यासह अर्ध्या विटेची भिंत दर चौरस मीटरला 200 किलोंच्या पुढे जाते आणि जुन्या स्लॅबवर नको तिथे एवढा भार टाकणे धोक्याचे होते. पत्र्याच्या स्टडवर, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर, दोन्ही बाजूंनी 12.5 मिलिमीटरचा एकेक जिप्सम बोर्ड (कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम भरलेला तक्ता) लावला, तर हाच भार साधारण 25 किलोंवर येतो.

आवाजाच्या बाबतीत भिंत समाधानकारक आहे, मात्र त्याचे श्रेय एकट्या बोर्डला देता येणार नाही. स्टडमधील पोकळीत 50 मिलिमीटरचा ग्लासवुल (काचतंतूंचा कापसासारखा थर) भरला आणि भिंत थेट स्लॅबला भिडवली, म्हणून ती उपयोगी पडली. “सर, सीलिंगच्या वर कोण बघतंय?” असे म्हणत मिस्त्री ती फॉल सीलिंगपाशीच थांबवायला निघाले होते. वर बघत कोणी नसले, तरी आवाज नेमका त्याच वाटेने पलीकडे उतरतो. तळाच्या आणि वरच्या पट्टीखाली लवचिक सीलंटही आग्रहाने भरून घ्यावे लागले. एवढे करूनही एका जागी शिक्षकांचे शब्द न् शब्द ऐकू येत. शोध घेतला तेव्हा दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवल्याचे आढळले. एक डबा पुढच्या स्टडपलीकडे सरकवून जुने भोक बुजवल्यावर तक्रार मिटली. गणेशोत्सवातील ढोलाचा ठोका मात्र या भिंतीने अडत नाही. खर्जातल्या आवाजाला वजनच लागते, तेव्हा ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी दुहेरी बोर्ड लावावा.

आगीच्या दृष्टीने जिप्समचा स्वभावच चांगला आहे. त्याच्या वजनाचा सुमारे 21 टक्के भाग स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो आणि ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डची मागची बाजू फारशी तापत नाही. गुलाबी कागदाच्या अग्निरोधक बोर्डमध्ये काचतंतूही असतात, त्यामुळे पाणी निघून गेल्यावरही तो लवकर ढासळत नाही. तरीही दुकानदार सांगतो ती आग रोखण्याची एक तासाची किंवा दोन तासांची मर्यादा स्टड, थर आणि सांध्यांसह चाचणी घेतलेल्या संपूर्ण भिंतीची असते. केबलसाठी पाडलेले एक उघडे भोक ती निकालात काढते.

पाणी हा या मालाचा खरा शत्रू. हिरव्या कागदाचा बोर्ड दमटपणा सोसतो, पण तो जलरोधक नव्हे. स्नानगृहात थेट पाणी पडणाऱ्या जागी सिमेंट बोर्डच हवा. फरशी पुसताना पाणी शोषले जाऊ नये म्हणून बोर्डची खालची कड जमिनीपासून सुमारे 10 मिलिमीटर वर ठेवून पुढे टाइलची पट्टी लावून घेतली आहे. गावभागात किंवा मारुती रस्त्यालगत तळमजल्यावर कोणी ही भिंत घालणार असेल, तर माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. पुरात भिजलेला बोर्ड आणि ग्लासवुल वाळवून पुन्हा वापरता येत नाही, काढून टाकावाच लागतो.

देखभाल फारशी नाही. सांध्यावर केसासारखी चीर दिसली, तर नुसती पुट्टी फासू नये. कागदी टेप लावून जॉइंट कंपाउंड भरावे, नाहीतर ती चीर पुन्हा उघडते. फळा किंवा टीव्ही टांगायचा असल्यास भिंत बंद करण्यापूर्वीच आत प्लायची पट्टी बसवून घ्यावी, आणि छताचा पंखा सीलिंगच्या सांगाड्याला न लटकवता स्लॅबलाच अडकवावा. बोर्डवर पिवळसर डाग उमटला, तर रंगाचा डबा उघडण्याआधी एसीची निचरा नळी तपासावी. आमच्याकडे पावसाळ्यात उमटलेला डाग त्या नळीचाच निघाला. नळीला उतार दिला, बोर्डचा तेवढा चौकोन कापून नवा बसवला आणि काम एका दुपारी उरकले.