पुणे गडद, रत्नागिरी फिकट : लोकसंख्येच्या भित्तिनकाशांचा एक संच

अकरावी-बारावीच्या भूगोलाच्या तासांसाठी गेल्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातील एका दुकानातून लोकसंख्येवरील आठ भित्तिनकाशांचा संच २,४०० रुपयांना घेतला. वर्षभर वर्गात वापरल्यानंतर त्याविषयी लिहीत आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही.

छपाई चांगली आहे. लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड चमकत नाही आणि शेवटच्या बाकावरूनही जिल्ह्यांची नावे वाचता येतात. वरच्या लाकडी दांडीचे हूक मात्र दिवाळीपर्यंतही टिकले नाहीत.

संचातील सर्वांत उत्तम नकाशा राज्यवार एकूण जननदराचा, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुले होतील, हे दाखवणारा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची १९९२-९३ ची पहिली फेरी आणि २०१९-२१ ची पाचवी फेरी शेजारी शेजारी ठेवल्यामुळे तीस वर्षांतील बदल एका नजरेत येतो. उत्तर प्रदेश ४.८ वरून २.४ वर आला, महाराष्ट्र २.९ वरून १.७ वर, केरळ मात्र पहिल्या फेरीतच २.० वर होता, त्यामुळे त्याचा रंग जवळपास बदलत नाही. ‘उत्तरेत अजूनही घरटी पाच-सहा मुले’ असे घरी ऐकून आलेल्या विद्यार्थ्यांना या एका नकाशाने जितके विचारात पाडले, तितके माझ्या चार तासांनी पाडले नसते. २.१ ही पुनःस्थापन पातळी, म्हणजे आई-वडिलांच्या पिढीची जागा पुढची पिढी जेमतेम भरून काढते तो जननदर, सूचीत ठळक रेषेने दाखवली आहे, हेही योग्यच झाले.

खरी अडचण पाचव्या नकाशात आहे. त्याचा मथळा ‘जन्मदर व लोकसंख्यावाढ : महाराष्ट्रातील जिल्हे’ असा आहे, आत मात्र जन्मदराचा एकही आकडा नाही, २००१ ते २०११ या दशकातील वाढ तेवढी रंगवली आहे. पुणे जिल्हा ३० टक्के वाढीमुळे गडद लाल आणि रत्नागिरी उणे ४.८ टक्क्यांमुळे अगदी फिकट. मथळा वाचून नकाशा पाहणाऱ्याचा समज एकच होणार. जिचे मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात आहे, अशा एका विद्यार्थिनीने विचारलेही, “मॅडम, आमच्याकडे मुलं जन्मतच नाहीत का?” तिचे वडील स्वतः चाकरी शोधत आधी मुंबईला आणि मग भोसरीला आलेले, म्हणजे रत्नागिरीच्या फिकटपणात आणि पुण्याच्या गडदपणात या एकाच कुटुंबाचा वाटा आहे. त्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते पुरुष बाहेर गेल्याची ही खूण नकाशाच्या कोपऱ्यात छापली असती, तरी पुरेसे झाले असते. मुंबई शहर जिल्हाही उणे ७.६ टक्क्यांमुळे त्याच फिकट रंगात आहे. पण तेथील कुटुंबे जुन्या चाळी सोडून उपनगरांकडे आणि ठाणे जिल्ह्याकडे सरकली, आणि ठाणे ३६ टक्क्यांनी वाढले. जन्म वजा मृत्यू आणि आलेले वजा गेलेले या दोन वेगळ्या बेरजा-वजाबाक्या एकाच रंगपट्टीत कोंबल्यावर दुसरे काय होणार?

जिल्ह्यांच्या सीमांबाबतचा निष्काळजीपणा तर अक्षम्य वाटतो. १९७१ च्या नकाशावर सिंधुदुर्ग स्वतंत्र रंगात आहे. तो जिल्हा १ मे १९८१ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या जनगणनेनंतर झाला. २०११ च्या नकाशावर १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेला पालघर जिल्हा दिसतो. तालुक्यांचे आकडे जुळवून जुन्या काळची माहिती नव्या सीमांत बसवता येते, त्याला माझी हरकत नाही. पण तशी तळटीप कोठेही नाही आणि पालघरवर छापलेला आकडा ठाण्याचाच, ३६.० आहे. जुळवाजुळव न करता तो उचलून चिकटवला आहे, हे उघड दिसते.

देशाच्या लोकसंख्येचा आलेख ठीक आहे. १९११ मधील २५.२१ कोटींवरून १९२१ मध्ये २५.१३ कोटींपर्यंत झालेली घट दाखवून तेथे ‘महाविभाजक वर्ष’ (ज्यानंतर लोकसंख्या सतत वाढतच गेली, ते वर्ष) एवढेच लिहिले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीचा उल्लेखही नसल्यामुळे ते वर्ष पाठ करण्यापुरते उरते. जनगणनेचे सर्व आकडे २०११ पाशी थांबतात, याचा दोष मात्र प्रकाशकाला देता येणार नाही, कारण पुढील जनगणनेचा संदर्भदिनांकच १ मार्च २०२७ आहे.

प्रकाशकांना पत्र लिहिले, तेव्हा पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू, असे नम्र उत्तर आले. तोवर आम्ही पालघरवर कोरी पट्टी चिकटवली आहे आणि पाचव्या नकाशावर मुलांनी स्केचपेनने कोकणातून मुंबई-पुण्याकडे जाणारे बाण काढले आहेत. जननदराचा नकाशा सुटा मिळाला असता, तर सर्व शिक्षकांना तो घ्यायला सांगितले असते. पण दुकानदार संच फोडून देत नाहीत.