गिन्यांसाठी कॅप्सूल, हवाबंद डबा आणि लॉकर : दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलेल्या थोड्या गिन्या, म्हणजे ‘सॉव्हरिन’ नावाची इंग्रजी सोन्याची नाणी, आहेत. त्यातली एक माझी विशेष लाडकी, १९१८ सालची, पाचव्या जॉर्जची, मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली. मागच्या बाजूला घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या पायाखालची जमीन भिंगातून पाहिली, की सालाच्या बरोब्बर वर बारीकसं ‘आय’ हे अक्षर दिसतं. इंग्रजी अमदानीत मुंबईत सॉव्हरिन पडली ती फक्त त्या एका सालाची. त्यामुळे हिचं मोल नुसत्या वजनावर होत नाही. ते अक्षर, कडेच्या रेघा, मूळची झळाळी हे सगळं जपावं लागतं.

सोन्याला काही होत नाही, असं घरोघरी म्हणतात. चोख सोन्यापुरतं ते ठीक आहे. गिनी मात्र २२ कॅरटची असते. ७.९८८ ग्रॅममध्ये सोनं ७.३२ ग्रॅम, बाकी बहुतेक तांबं. आमचं गाव दापोली तालुक्यातलं. पावसाळ्यात इथे कपाटातल्या चामडी पट्ट्यावरही बुरशी चढते. अशा हवेत, त्यात बोटांचा घाम लागला, तर त्या तांब्यापायी नाण्यावर लालसर-काळपट ठिपके उमटतात.

गेल्या दिवाळीत सगळी नाणी सराफाच्या गुलाबी कागदातून काढून ॲक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये घातली. सॉव्हरिनचा व्यास २२.०५ मिमी, म्हणून २२ मिमीची कॅप्सूल घ्यायची. झाकण टक् करून बसलं पाहिजे आणि कानाशी हलवलं तर आत खुळखुळता कामा नये. आत काळ्या फोमची रिंग असलेलाही एक प्रकार मिळतो. तो मला मुळीच पसंत नाही. रिंग नाण्याच्या कडेला सतत चिकटून असते आणि तिचा भुगा आत पडतो. नेमक्या मापाचीच घ्या. मऊ, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटं तर घरातही आणू नका. ती पीव्हीसीची असतात. कालांतराने त्यातून आम्ल सुटतं, हिरवट चिकट थर धरतो आणि तांबं खाल्लं जातं. पाकिटच हवं असेल तर मायलरचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं घ्या.

कॅप्सूल अगदी हवाबंद नसते. म्हणून सगळ्या कॅप्सूल रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक. खरा फरक पडला तो इथे. आषाढात खोलीतला काटा ८५ च्या वर असताना डब्यातला ४०-४५ च्या आसपास राहिला. जेल नारंगी रंगाचं घेतलं. ओल शोषली की ते हिरवं होतं. मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवायचं, पुन्हा नारंगी होतं. पावसाळ्यात हे बऱ्यापैकी वरचेवर करावं लागतं, याची तयारी ठेवा. डबा ठेवलेल्या कप्प्यात डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. आगीपासून वाचवणारी तिजोरी घेणार असाल तर तिच्या भिंतींतल्या भरावातून ओल सुटते हे लक्षात घ्या. तिथे जेल दुप्पट लागतं.

गणपतीच्या वेळी सगळी नाणी खिडकीपाशी तिरप्या उजेडात नीट पाहिली. नवा डाग एकही नाही. १९१८ च्या गिनीवर जॉर्जच्या कानामागे जुना तांबूस ठिपका आहे, तो तेवढाच आहे, पसरलेला नाही. तो काढायला सराफ म्हणाले, “द्या, उजाळा देतो.” नको म्हटलं. उजाळा दिला की वरचा बारीक थर जातो आणि जाणकार गिऱ्हाईक भिंग लावताच नाणं खाली ठेवतं. ठिपका असू दे.

चोरीचं म्हणाल, तर बहुतेक नाणी बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. भूकंप-पुरासाठी तेवढंही नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते आम्ही जवळून पाहिलं. म्हणून लॉकर वरच्या ओळीतला मागून घेतला, आणि आतही तोच रबरी कडेचा डबा. वेगळा विमा उतरवलाय. त्यासाठी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि साल लिहिलेली यादी केली, तिची एक प्रत मुलीकडे. लॉकरला वारसाची नोंद जरूर करा.

हाताळताना नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या आणि त्या वेळी बोलू नका. थुंकीचा कण पडला तरी पुढे डाग येतो. लक्ष्मीपूजनाला आई नाण्यांना हळद-कुंकू लावायची. आता ते कॅप्सूलवर लावतो, आईनेही ते आनंदाने मान्य केलं. ओल्या कापडाने पुसलं की झालं. मात्र ॲक्रिलिकवर ओरखडे पटकन पडतात, त्यामुळे पाच-सहा जादा कॅप्सूल आणूनच ठेवा.